२५ ला आलेला बँड आणि १७ ला न आलेला बँड: कॅस्पेस-३ च्या अँटीबॉडीचं एक प्रकरण

"ताई, कॅस्पेस ॲक्टिव्ह झालाय, बघा ना, बँड आलाय!" असं म्हणत आमच्या लॅबमधली ज्युनिअर ब्लॉटचा फोटो घेऊन आली तिथून हे सगळं सुरू झालं. (कॅस्पेस म्हणजे सेल मरताना आतली प्रोटीन कापणारी एन्झाइम.) पुढचे कित्येक आठवडे आम्ही दोघी त्या एका बँडच्या मागे होतो. मी हे सविस्तर लिहितेय कारण अपॉप्टोसिसवर, म्हणजे सेलच्या ठरवून होणाऱ्या मृत्यूवर, काम करणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात कधी ना कधी असाच फोटो येतो, आणि तो दिसायला इतका छान असतो की शंका घ्यावीशी वाटत नाही.

आधी परिस्थिती सांगते. ती हेला सेल्सवर (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरच्या सेल्स) एक कंपाऊंड टेस्ट करत होती, तीन डोस, २४ तास. मायक्रोस्कोपखाली वरच्या डोसला सेल्स गोल झालेल्या, पृष्ठभागावर फुगे आल्यासारखे दिसत होते, बऱ्याच सुटून मीडियात, म्हणजे सेल्स वाढतात त्या द्रवात, तरंगत होत्या. म्हणजे सेल्स मरतायत हे नक्की होतं. प्रश्न एवढाच होता की त्या कॅस्पेसच्या मार्गाने मरतायत का आणखी कशाने. त्यासाठी तिने कॅस्पेस-३ चा वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे सेल्समधली प्रोटीन जेलमध्ये आकाराप्रमाणे सुटी करायची, ती मेम्ब्रेनवर उतरवायची (हा ट्रान्सफर) आणि हवं ते प्रोटीन धरणारी अँटीबॉडी लावायची; ती जिथे धरते तिथे बँड दिसतो, आणि प्रत्येक सँपलची रांग म्हणजे लेन. पाच लेन होत्या: नुसत्या सेल्स, डीएमएसओ (कंपाऊंड ज्यात विरघळवतात तो द्रव) आणि मग तीन डोस. ३५ किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप, बँडचे बाकी आकडेही त्यातलेच) आसपास अख्ख्या प्रोटीनचा बँड सगळीकडे, २५ ला एक चांगला जाड बँड, तोही सगळीकडे पण वरच्या डोसला जरा गडद, आणि १७ ला काहीच नाही. तिने २५ चा बँड ॲक्टिव्ह तुकडा म्हणून धरला, २५ भागिले ३५ असं गुणोत्तर काढलं, तीन ब्लॉटचं सरासरी घेऊन बार ग्राफ तयार केला आणि तो पोस्टरमध्ये टाकायच्या बेतात होती.

इथे थोडं प्रोटीनबद्दल, कारण सगळं त्यावरच अडलेलं आहे. माणसाचा कॅस्पेस-३ हा २७७ अमिनो ॲसिडचा, झोपलेल्या स्थितीतला एन्झाइम, ब्लॉटवर ३२ ते ३५ किलोडाल्टनला दिसतो. सेलला मरायचा सिग्नल मिळाला की कॅस्पेस-८ किंवा कॅस्पेस-९ त्याला १७५ नंबरच्या ॲस्पार्टिक ॲसिडपाशी कापतात, त्यातून एक मोठा आणि एक छोटा तुकडा होतो. मोठ्या तुकड्याला पुढे २८ अमिनो ॲसिडचं शेपूट चिकटलेलं असतं तोवर तो १९ ला दिसतो, ते शेपूट गळालं की १७ ला. छोटा तुकडा १२ चा. दोन १७ आणि दोन १२ असे चार तुकडे एकत्र बसतात तेव्हा खरा काम करणारा एन्झाइम तयार होतो. या नेहमीच्या रस्त्यात २५ किलोडाल्टनचा तुकडा कुठे बसतच नाही. आणि दुसरं म्हणजे तो बँड नुसत्या, काहीही न दिलेल्या सेल्समध्येही तितकाच ठसठशीत होता. ज्या डिशमध्ये सेल्स मजेत वाढतायत तिथे ॲक्टिव्ह कॅस्पेस-३ एवढा असता तर ती डिश उरलीच नसती.

हे मी तिला म्हटलं तर तिच्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते उत्तर वाईट नव्हतं. तिने पेप्टाइड ब्लॉक केला होता. म्हणजे ज्या पेप्टाइडवर ही अँटीबॉडी बनवली तेच पेप्टाइड जास्त प्रमाणात अँटीबॉडीत आधी मिसळायचं, अँटीबॉडीचे हात भरले की ती मेम्ब्रेनवर काही धरत नाही. तिच्या ब्लॉक केलेल्या मेम्ब्रेनवर ३५ गेला होता आणि २५ पण गेला होता. "म्हणजे २५ पण स्पेसिफिकच ना?" खूप जण इथेच फसतात म्हणून नीट सांगते. पेप्टाइडने बँड गेला याचा अर्थ एवढाच की अँटीबॉडी तो बँड तिच्या नेहमीच्या पकडायच्या जागेने धरत होती. दुसऱ्या एखाद्या प्रोटीनवर तसाच दिसणारा छोटा भाग असेल तर अँटीबॉडी त्यालाही त्याच जागेने धरणार, आणि पेप्टाइड घातलं की तोही बँड जाणारच. अँटीबॉडीला प्रोटीनचं नाव माहीत नसतं, तिला फक्त काही अमिनो ॲसिडचा आकार कळतो. बँड कॅस्पेस-३ चा आहे का हे सांगायला ज्यात कॅस्पेस-३ अजिबात नाही असं सँपल लागतं.

मग फ्रीजमधून ती कुपी काढली. ससा, पॉलिक्लोनल, अख्खा आणि कापलेला दोन्ही ओळखते असं लिहिलेलं. पॉलिक्लोनल म्हणजे एका सशाच्या रक्तातल्या अनेक वेगवेगळ्या अँटीबॉडींचं मिश्रण, सगळ्या त्याच पेप्टाइडविरुद्ध पण प्रत्येकीची पकड थोडी वेगळी, त्यामुळे सिग्नल जोरदार येतो पण सोबत भलतंच काही धरायची शक्यताही वाढते, आणि पुढच्या लॉटला ससा बदलला की मिश्रणही बदलतं. कॅस्पेस-३ साठी याच्यापेक्षा वेगळ्या जातीची एक अँटीबॉडी मिळते, फक्त कापलेला ओळखणारी. ती १७५ च्या कापापाशी जे नवीन टोक उघडं पडतं त्या टोकाविरुद्ध बनवलेली असते. अख्ख्या प्रोटीनमध्ये ते टोक मोकळं नसतं, पुढच्या अमिनो ॲसिडला जोडलेलं असतं, म्हणून अशी अँटीबॉडी ३५ दाखवत नाही, फक्त १९ आणि १७ दाखवते. मला ही कल्पना पहिल्यांदा कळली तेव्हा फार सुंदर वाटली होती आणि अजून वाटते. प्रोटीन तेच, पण कापल्यावर जो नवा चेहरा तयार होतो तेवढाच ओळखायचा.

लगेच ती नवी अँटीबॉडी मागवावी असं तिला वाटत होतं. मी थांबवलं. आधी पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे बँड यायलाच हवा असं सँपल, लावू म्हटलं, कारण तीन ब्लॉट झाले तरी एकातही पॉझिटिव्ह कंट्रोल नव्हता. ज्यात कॅस्पेस-३ नक्की कापला जातो अशा सेल्स पाहिजेत, आणि त्यासाठी स्टॉरोस्पोरिन हा जुना भरवशाचा उपाय आहे. हेला सेल्सना १ मायक्रोमोलर, चार तास. सेल्स अगदी पुस्तकातल्या चित्रासारख्या आक्रसल्या. ब्लॉट केला, तीच जुनी अँटीबॉडी. आणि स्टॉरोस्पोरिनच्या लेनमध्ये ३५ चा बँड पातळ झालेला, २५ जसाच्या तसा, १७ ला पुन्हा कोरं.

तिचा चेहरा पडला पण मला मनातून बरं वाटलं, कारण आता प्रश्न तिच्या कंपाऊंडचा राहिलाच नव्हता, जिथे १७ असायलाच पाहिजे तिथेही तो दिसत नव्हता म्हणजे दोष पद्धतीत कुठेतरी होता आणि तो शोधता येण्यासारखा होता. ३५ पातळ झाला म्हणजे कापला गेलाय, मग तुकडे गेले कुठे?

त्याच लायसेटवर (सेल्स फोडून काढलेल्या प्रोटीनच्या द्रवावर) पार्प या प्रोटीनचा ब्लॉट केला. पार्प-१ हा कॅस्पेस-३ चा ठरलेला बळी, ११६ किलोडाल्टनचा, त्याच्यात डी-ई-व्ही-डी हा चार अक्षरांचा पत्ता असतो आणि त्याच्यापुढे काप बसून ८९ आणि २४ असे दोन तुकडे होतात. स्टॉरोस्पोरिनच्या लेनमध्ये ८९ चा बँड स्वच्छ, भरपूर. म्हणजे कॅस्पेस काम करून गेलेला होता आणि आमच्या मेम्ब्रेनवर त्याचा पत्ता नव्हता. मोठी प्रोटीन व्यवस्थित दिसतायत आणि छोटं तेवढं गायब, हे दिसल्यावर ट्रान्सफरकडे बघायला पाहिजे हे उघड होतं.

ट्रान्सफर कसा करतेस विचारलं. ०.४५ मायक्रॉनची पीव्हीडीएफ मेम्ब्रेन, जास्त करंट, दोन तास. हीच लॅबची जुनी पद्धत, कारण आधीचे लोक १०० च्या वरच्या प्रोटीनवर काम करायचे आणि त्यांच्यासाठी ती योग्यच होती, कोणीतरी ती कागदावर लिहून भिंतीला चिकटवली आणि पुढे सगळे तीच करत राहिले. पण १७ किलोडाल्टनचं प्रोटीन इतक्या वेळात ०.४५ च्या छिद्रांतून सरळ पलीकडे बफरमध्ये निघून जातं. नुसतं तोंडी सांगण्यापेक्षा मी तिला एक करून बघायला लावलं: जेलला चिकटून नेहमीची मेम्ब्रेन आणि तिच्या मागे अजून एक मेम्ब्रेन, मग ट्रान्सफर. दुसऱ्या दिवशी दोन्ही मेम्ब्रेन शेजारी शेजारी डेव्हलप केल्या. पुढच्या मेम्ब्रेनवर ३५ आणि २५. मागच्या मेम्ब्रेनवर वरचं सगळं कोरं आणि खाली, स्टॉरोस्पोरिनच्या लेनमध्येच फक्त, १७ ला एक पुसट पण सरळ आडवी रेघ. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग हळूच म्हणाली, "म्हणजे इतके दिवस हा इथून निघून जात होता." मी गेली काही वर्षं ब्लॉट करतेय पण पलीकडे गेलेला बँड असा हातात धरून बघणं मलाही नवीन होतं, आणि कोणाला ट्रान्सफर शिकवायचा असेल तर माझ्या मते यापेक्षा चांगला प्रयोग नाही.

मग ०.२ मायक्रॉनची मेम्ब्रेन घेतली, ट्रान्सफरचा वेळ निम्म्यावर आणला, जेल १५ टक्क्याचं केलं म्हणजे खालचे बँड नीट सुटे होतील. स्टॉरोस्पोरिनमध्ये १७ आला. जुनी अँटीबॉडी पण तो दाखवत होती, जरा फिकट. म्हणजे ती बिचारी अगदीच निकामी नव्हती.

आता वाटलं झालं काम, पण कंपाऊंडच्या लेनमध्ये १७ अजूनही जेमतेम दिसत होता. मायक्रोस्कोपखाली एवढा मृत्यू दिसतोय आणि ब्लॉटवर काही नाही हे पटेना. तेव्हा मी तिच्या शेजारी उभी राहून सेल्स गोळा करताना बघितलं, आणि हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. डिश घेतली, मीडिया सक्शनने काढून टाकला, पीबीएस या खारट बफरने दोनदा धुतलं, मग लायसिस बफर घालून खरवडलं. मीडिया काढून टाकला म्हणजेच तरंगणाऱ्या सेल्स टाकून दिल्या! ज्या सेल्स मेल्या किंवा मरायला टेकल्या त्याच तळ सोडून वर येतात, म्हणजे ती दर वेळी मेलेल्या सेल्स सिंकमध्ये ओतत होती आणि तगून राहिलेल्या सेल्सना विचारत होती की तुमच्यात मृत्यूचं प्रोटीन आहे का. स्टॉरोस्पोरिनला चारच तास दिले होते म्हणून तिथे बऱ्याच सेल्स अजून तळाला होत्या आणि १७ सापडला. २४ तासांच्या डिशमध्ये बाकी काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून मीडिया ट्यूबमध्ये, पहिल्या पीबीएसचं धुणंही त्याच ट्यूबमध्ये, सेंट्रिफ्यूज करून पेलेट थंड पीबीएसने एकदा धुवायचा आणि मग डिशवरच्या सेल्ससोबत एकत्र लायसेट करायचा. यात वेळ घालवायचा नाही. आणि दुसरी गोष्ट वेळेची. कापलेला कॅस्पेस-३ सेलमध्ये कायम राहत नाही, प्रोटिएसोम, म्हणजे सेलमधली प्रोटीन मोडणारी यंत्रणा, त्याला खाऊन टाकतो, आणि सेलचं आवरण फाटलं की उरलेला बाहेर वाहून जातो. त्यामुळे एकच २४ तासांचा पॉइंट बघून नाही म्हणणं चूक. २, ४, ८, १६, २४ तास असे पॉइंट लावले.

एवढं सगळं झाल्यावर मगच नवीन अँटीबॉडी आणली, सशाचीच पण मोनोक्लोनल (मिश्रण नाही, एकाच प्रकारची अँटीबॉडी), फक्त कापलेला ओळखणारी. आणि तिला सरळ कामाला न लावता आधी तिची परीक्षा घेतली. यात एमसीएफ-७ सेल्स फार उपयोगी पडल्या. स्तनाच्या कॅन्सरच्या या सेल्समध्ये कॅस्पेस-३ च्या जीनमधला ४७ बेस पेअरचा तुकडा गळालेला आहे, त्यामुळे त्यांच्यात कॅस्पेस-३ प्रोटीन बनतच नाही, हे १९९८ मध्येच प्रसिद्ध झालेलं आहे. त्या मरतात, पार्पही कापला जातो कारण कॅस्पेस-७ असतो, पण कॅस्पेस-३ नाही. कॅस्पेस-७ आणि कॅस्पेस-३ ची अमिनो ॲसिडची रांग निम्म्याहून जास्त जुळते, म्हणून आपली अँटीबॉडी चुकून कॅस्पेस-७ च्या तुकड्यालाच धरत असेल तर तेही याच सेल्समध्ये उघडं पडतं. यातली मर्यादा मी तिला सांगितली की हेला वेगळ्या, एमसीएफ-७ वेगळ्या, बाकीही शंभर फरक असणार, त्यामुळे हेलामध्येच कॅस्पेस-३ चा जीन काढून टाकला तर ते याहून पक्कं. पण तो नॉकआउट आमच्याकडे नव्हता आणि एमसीएफ-७ लिक्विड नायट्रोजनमध्ये पडून होत्या.

शेवटचा ब्लॉट असा लावला: हेला नुसत्या, हेला डीएमएसओ, हेला स्टॉरोस्पोरिन, हेला स्टॉरोस्पोरिन अधिक झेड-व्हॅड, मग कंपाऊंडचे वेळेचे पॉइंट, आणि शेवटी एमसीएफ-७ नुसत्या व स्टॉरोस्पोरिन दिलेल्या. झेड-व्हॅड सगळ्याच कॅस्पेसना अडवतो. एकच लायसेट दोन जेलवर, एक मेम्ब्रेन जुन्या अँटीबॉडीला, एक नव्या. अजून एक पट्टी नुसत्या सेकंडरीची (प्रायमरी म्हणजे प्रोटीन धरणारी पहिली अँटीबॉडी, सेकंडरी म्हणजे तिला धरून सिग्नल देणारी दुसरी), प्रायमरी न घालता, म्हणजे २५ चा बँड सेकंडरीमुळे येत नाही ना हे कळेल. ती पट्टी कोरी आली, म्हणजे २५ प्रायमरीच धरत होती.

जुन्या अँटीबॉडीच्या मेम्ब्रेनवर एमसीएफ-७ च्या दोन्ही लेनमध्ये ३५ नाही, १७ नाही, आणि २५ अगदी जाड. ज्या सेल्समध्ये कॅस्पेस-३ बनतच नाही तिथे २५ जसाच्या तसा. तीन ब्लॉट, एक बार ग्राफ आणि पोस्टरचा अर्धा कोपरा त्या क्षणी रद्द झाला. तो बँड नक्की कुठल्या प्रोटीनचा हे आम्ही शोधत बसलो नाही, कॅस्पेस-३ चा नाही एवढं पुरे होतं. वरच्या डोसला तो गडद का दिसायचा तेही नंतर सापडलं: त्या लेनमध्ये ॲक्टिनही (सगळ्या लेनमध्ये सारखं असायला हवं असं प्रोटीन) गडद होता, म्हणजे प्रोटीनच जास्त लोड झालेलं होतं, आणि तिने २५ ला ३५ ने भागलं होतं, ॲक्टिनने नाही. वरच्या डोसला अख्खा थोडा जरी कमी झाला की ते गुणोत्तर आपोआप वर जाणार.

नव्या अँटीबॉडीच्या मेम्ब्रेनवर स्टॉरोस्पोरिनला १९ आणि १७ ची जोडी. कंपाऊंडच्या वरच्या डोसला ४ तासांना सुरुवात, ८ तासांना सगळ्यात जास्त, १६ ला कमी आणि २४ ला फिकट. एमसीएफ-७ स्वच्छ कोऱ्या. झेड-व्हॅडच्या लेनमध्ये १७ गेला पण १९ ला एक पुसट रेघ उरली, आणि ती बघून ज्युनिअर पुन्हा घाबरली की आता हा कुठला नॉनस्पेसिफिक. पण हा उलट खरेपणाचा पुरावा होता. पहिला काप १७५ ला वरचे कॅस्पेस, म्हणजे ८ आणि ९, मारतात, शेपटाचा काप मुख्यतः कॅस्पेस-३ स्वतःच मारतो. झेड-व्हॅडने कॅस्पेस-३ चं काम बंद पाडलं की वरच्यांनी मारलेला थोडाफार पहिला काप होऊन जातो पण शेपूट गळत नाही, आणि प्रोटीन १९ लाच अडकतं. जीवशास्त्र ओळखून बँड वाचला की असं समाधान मिळतं.

म्हणजे तिचा मूळ निष्कर्ष, कंपाऊंड कॅस्पेस-३ च्या मार्गाने मारतं, तो बरोबरच निघाला. पण मधल्या डोसला परिणाम आहे असं जे तिचा ग्राफ म्हणत होता ते खोटं ठरलं, तिथे कुठल्याच वेळेला १७ आला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण "शेवटी उत्तर तेच आलं ना" असं एकाने म्हटलंच. उत्तर तेच नव्हतं. एका डोसचं खरं होतं, दुसऱ्याचं नव्हतं, आणि जुन्या पुराव्यावरून त्या दोन्हींत फरक करताच आला नसता.

जाता जाता दोन गोष्टी. पहिली, कापलेल्या टोकाविरुद्धची अँटीबॉडी म्हणजे डोळे मिटून विश्वास असंही नाही. फळमाशीत काम करणारे लोक माणसाच्या कापलेल्या कॅस्पेस-३ ची अँटीबॉडी सर्रास वापरतात, आणि २०१० मध्ये दाखवलं गेलं की तिथे तो सिग्नल फक्त कॅस्पेस-३ सारख्या शेवटचं कापाकापीचं काम करणाऱ्या कॅस्पेसचा नसतो, ते नसतानाही तो येतो, तो खरं म्हणजे त्यांच्या वरच्या ड्रॉन्क नावाच्या कॅस्पेसच्या कामाची खूण असतो. तसंच टोक दुसऱ्याही प्रोटीनवर तयार होऊ शकतं. दुसरी, अँटीबॉडी कशी तपासावी यावर २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने पाच मार्ग मांडले, त्यात जीन काढून बघणं आहे, अँटीबॉडीशिवायच्या पद्धतीशी पडताळणं आहे, त्याच प्रोटीनची दुसरी वेगळी अँटीबॉडी लावून बघणं आहे. पेप्टाइड ब्लॉक त्या पाचांत नाही.

आता स्टॉरोस्पोरिन दिलेल्या हेलाचं लायसेट आम्ही एकदम जास्त करून छोट्या ट्यूबमध्ये उणे ८० ला ठेवलंय, नवीन लॉट आला की आधी त्यावर चालवायचा आणि लॉट नंबर वहीत लिहायचा. भिंतीवरच्या ट्रान्सफरच्या कागदाखाली आता अजून एक कागद आहे, ३० च्या खालच्या प्रोटीनसाठी. जुनी अँटीबॉडी टाकून दिली नाही, अख्खा ३५ बघायला ती चांगलीच आहे. फक्त तिच्या कुपीवर ज्युनिअरने मार्करने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: "२५ चा बँड एमसीएफ-७ मध्येही येतो, मोजू नका."